'ट्रिपल निगेटिव्ह' स्तनकर्करोग : संकल्पनेचा व उपचारांचा इतिहास आणि महाराष्ट्रातील संशोधन

प्रस्तावना :

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात बहुतेक रोगांना त्यांच्या लक्षणांवरून, कारणांवरून किंवा शोध लावणाऱ्या व्यक्तीवरून नावे मिळाली आहेत. स्तनाच्या कर्करोगाचा एक आक्रमक प्रकार मात्र त्याच्यात काय नाही यावरून ओळखला जातो. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे ग्राहक प्रथिन नाही, प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक प्रथिन नाही आणि 'हर-टू' हे प्रथिनही वाढलेले नाही, अशा तिहेरी अभावामुळे त्याला 'ट्रिपल निगेटिव्ह' स्तनकर्करोग असे म्हणतात. हा अभाव केवळ वर्णनापुरता नाही. स्तनकर्करोगावरील गेल्या शतकातील दोन मोठे उपचारमार्ग, म्हणजे संप्रेरकविरोधी औषधे आणि हर-टू विरोधी औषधे, या रुग्णांना उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे या आजाराचा इतिहास हा एका अर्थाने इतरांसाठी उघडलेली दारे ज्यांच्यासाठी बंद राहिली, अशा स्त्रियांचा इतिहास आहे.

भारतीय संदर्भात या विषयाला विशेष महत्त्व आहे. पाश्चात्त्य देशांत स्तनकर्करोगाच्या एकूण रुग्णांपैकी साधारण १० ते १५ टक्के रुग्णांमध्ये हा प्रकार आढळतो. भारतातील १७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ७,२३७ रुग्णांचा समावेश होता व हे प्रमाण ३१ टक्के आढळले. भारतीय रुग्ण तुलनेने कमी वयाच्या असतात, हेही अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणजे ज्या वयात स्त्रीवर घर, शेती आणि मुलांचे शिक्षण यांचा भार असतो, त्याच वयात हा आजार तिला गाठतो. प्रस्तुत लेखात या आजाराच्या संकल्पनेची घडण, त्याची वैशिष्ट्ये आणि त्यावरील उपचारांचा विकास यांचा महाराष्ट्रातील, विशेषतः मुंबईतील, संशोधनाच्या संदर्भात ऐतिहासिक आढावा घेतला आहे. नेसरीसारख्या गावापर्यंत या संशोधनाचे फळ कसे पोहोचू शकते, याचाही अखेरीस विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) 'ट्रिपल निगेटिव्ह' ही संकल्पना कोणत्या टप्प्यांतून विकसित झाली याचा शोध घेणे.
२) महाराष्ट्रातील कर्करोग संशोधन संस्थांचे या क्षेत्रातील योगदान स्पष्ट करणे.
३) या आजाराची वैशिष्ट्ये व उपचार यांचा ग्रामीण स्त्रियांच्या दृष्टीने विचार करणे.

शस्त्रक्रियेचे युग :

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्तनकर्करोग हा एकच रोग मानला जात होता आणि त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय होता. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या शस्त्रक्रियांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी एकत्रितपणे काढून टाकण्याची ही पद्धत पुढे सुमारे पाऊण शतक जगभर प्रमाण मानली गेली. कर्करोग स्तनापासून क्रमाक्रमाने बाहेर पसरतो, म्हणून जितके अधिक काढावे तितका रोगी सुरक्षित, असा तिच्यामागचा विचार होता.

त्याच वर्षी, १८९४ मध्ये, मिरज येथे डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय सुरू झाले. कोल्हापूर ते मिरज हा लोहमार्ग १८९१ मध्येच खुला झाला होता. दक्षिण महाराष्ट्रातील व सीमाभागातील रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी मिरज हे जवळचे ठिकाण बनले आणि दूरदूरहून लोक तेथे येऊ लागले. आधुनिक शस्त्रक्रिया या प्रदेशात तुलनेने लवकर पोहोचली, ही बाब नोंद घेण्यासारखी आहे. परंतु शस्त्रक्रियेच्या पुढचे उपचार, म्हणजे किरणोपचार आणि औषधे, यांसाठी आणखी बराच काळ वाट पाहावी लागणार होती.

हॉलस्टेड यांच्या निबंधानंतर दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, ग्लासगो येथील जॉर्ज बीटसन यांनी एक वेगळेच निरीक्षण मांडले. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या रुग्ण स्त्रियांची बीजकोश काढण्याची शस्त्रक्रिया त्यांनी केली, तेव्हा काहींच्या स्तनातील गाठी लहान झाल्या. स्तनाचा कर्करोग आणि बीजकोशातील स्राव यांचा संबंध आहे, याचा हा पहिला ठोस पुरावा होता. मात्र सर्वच स्त्रियांमध्ये हा परिणाम दिसत नव्हता. काहींच्या गाठी का विरघळतात आणि काहींच्या का विरघळत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा कोणाकडेही नव्हते. 'ट्रिपल निगेटिव्ह' या संकल्पनेचे बीज या न सुटलेल्या प्रश्नात होते, असे म्हणता येईल.

मुंबईतील संस्थांची उभारणी :

लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटा यांचेही निधन झाले. या कुटुंबाच्या न्यासातून मुंबईतील परळ येथे कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. किरणोपचारांचा आणि अणुसंशोधनाचा संबंध लक्षात घेता हे हस्तांतर दूरदृष्टीचे ठरले.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. त्यांच्या प्रेरणेने १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. रुग्णशय्या आणि प्रयोगशाळा एकाच छत्राखाली आल्यामुळे पुढील काळात जे शक्य झाले, त्याचा पाया याच एकत्रीकरणात होता.

याच परंपरेत डॉ. कमल रणदिवे यांचे कार्य महत्त्वाचे आहे. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ यांचे शिक्षण हुजूरपागा व फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९४९ मध्ये त्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्यानंतर जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे, तंत्र आत्मसात केले. मुंबईत परतल्यावर त्यांनी भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या वेगवेगळ्या वंशांमध्ये स्तनकर्करोगाचे प्रमाण कमी-अधिक का असते, त्यात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा वाटा किती, हा त्यांच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय होता. स्तनकर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध भारतात सुरुवातीलाच मांडणाऱ्या संशोधकांमध्ये त्यांची गणना होते. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेतही त्यांचा सहभाग होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले व २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीतच आनुवंशिक स्तनकर्करोगाचे 'बीआरसीए-१' हे जनुक सापडले आणि पुढे ट्रिपल निगेटिव्ह प्रकाराशी त्याचा निकटचा संबंध सिद्ध झाला. या दृष्टीने पाहता रणदिवे यांनी निवडलेली दिशा काळाच्या पुढची होती.

रोगाची मोजदाद :

रोगाचा इतिहास लिहायचा तर त्याची मोजदाद हवी. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारित अशी ही भारतातील पहिली नोंदणी होय. मुंबईतील निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाचे प्रमाण सारखे नाही आणि पारशी स्त्रियांमध्ये ते अधिक आहे, हे या नोंदणीच्या आधारे झालेल्या अभ्यासांतून पुढे आले.

ग्रामीण भागाची स्थिती मात्र १९८७ पर्यंत अंधारातच होती. त्या वर्षी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रमुख असून स्तनकर्करोगाचे प्रमाण शहरापेक्षा बरेच कमी आहे, असे तेथील आकड्यांनी दाखवले. पुढील दशकांत मुंबई व अन्य शहरांत स्तनकर्करोग स्त्रियांमधील पहिल्या क्रमांकाचा कर्करोग बनला. उशिरा होणारे विवाह, कमी अपत्ये, स्तनपानाचा घटलेला काळ, वाढते वजन आणि वाढलेले आयुर्मान ही कारणे यासंदर्भात सांगितली जातात. परंतु यांपैकी काही कारणे मुख्यतः संप्रेरकांशी निगडित प्रकाराला लागू पडतात, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ट्रिपल निगेटिव्ह प्रकार अनेक मुले झालेल्या आणि त्यांना अंगावर पाजलेल्या स्त्रियांमध्येही आढळतो. त्यामुळे 'आमच्याकडच्या बायकांना हा रोग होत नाही' हा ग्रामीण समज धोकादायक ठरतो.

अभावाचे नामकरण :

बीटसन यांच्या निरीक्षणामागील कोडे १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो येथील एल्वुड जेन्सन यांच्या संशोधनामुळे उलगडू लागले. काही पेशींमध्ये इस्ट्रोजेनला धरून ठेवणारे ग्राहक प्रथिन असते. ज्या गाठीत ते असते, ती गाठ इस्ट्रोजेनवर पोसली जाते आणि इस्ट्रोजेनचा मार्ग अडवल्यास आटते. टॅमॉक्सिफेन हे औषध ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये व अमेरिकेत १९७७ मध्ये उपलब्ध झाले. रोज एक गोळी, तीही स्वस्त, हा संप्रेरक-ग्राही रुग्णांसाठी मोठा दिलासा होता.

१९८७ मध्ये डेनिस स्लेमन व सहकाऱ्यांनी दाखवले की, काही गाठींमध्ये हर-टू जनुकाच्या प्रती अनेक पटींनी वाढलेल्या असतात व अशा रुग्णांचा रोग वेगाने बळावतो. १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि एकेकाळी अत्यंत घातक समजला जाणारा हा प्रकार पुष्कळ अंशी आटोक्यात आला.

२००० मध्ये चार्ल्स पेरू व सहकाऱ्यांनी हजारो जनुकांची क्रियाशीलता एकाच वेळी तपासून स्तनकर्करोगाचे नवे वर्गीकरण मांडले. स्तनकर्करोग हा एक रोग नसून अनेक रोगांचा समूह आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. त्यांतील 'बेसल-सदृश' या गटातील बहुतांश गाठींमध्ये वरील तिन्ही प्रथिनांचा अभाव होता. जनुकांची अशी तपासणी प्रत्येक रुग्णालयात शक्य नव्हती, मात्र तीन प्रथिनांची तपासणी शक्य होती. त्यामुळे २००५ च्या सुमारास 'ट्रिपल निगेटिव्ह' हा शब्दप्रयोग वैद्यकीय लेखनात रूढ झाला. बेसल-सदृश आणि ट्रिपल निगेटिव्ह हे दोन गट बऱ्याच अंशी एकमेकांत मिसळतात, पण ते तंतोतंत एक नाहीत.

आजाराची वैशिष्ट्ये :

कॅनडातील टोरांटो येथे १,६०१ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १८० रुग्ण ट्रिपल निगेटिव्ह होत्या. या अभ्यासाने व नंतरच्या संशोधनाने आजाराची जी वैशिष्ट्ये स्पष्ट केली, ती पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले, पेशींचे विभाजन अतिशय वेगाने होते व सूक्ष्मदर्शकाखाली गाठ बहुधा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत आक्रमक श्रेणीची दिसते. वाढ जलद असल्याने दोन नियमित तपासण्यांच्या मधल्या काळातच गाठ हाताला लागू शकते. दुसरे, कमी वयाच्या स्त्रियांमध्ये हा प्रकार तुलनेने अधिक आढळतो. तिसरे, रोग उलटण्याचा धोका पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक असतो. चौथे, रोग पसरल्यास फुप्फुस, यकृत व मेंदू या अवयवांकडे जाण्याची प्रवृत्ती अधिक दिसते. पाचवे, बीआरसीए-१ जनुकात दोष असलेल्या स्त्रियांना होणारे बहुसंख्य स्तनकर्करोग याच प्रकारचे असतात. म्हणून आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांना स्तनाचा अथवा बीजकोशाचा कर्करोग झाला असल्यास ती माहिती डॉक्टरांना सांगणे अगत्याचे आहे. हा दोष वडिलांकडूनही येतो, त्यामुळे केवळ माहेरच्या आजोळचा विचार करून भागत नाही.

या यादीत एक आशादायक बाजूही आहे. संप्रेरक-ग्राही कर्करोग दहा-पंधरा वर्षांनंतरही उलटू शकतो. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात पाच वर्षे सुखरूप पार पडल्यावर हा धोका झपाट्याने कमी होतो. शिवाय वेगाने विभागणाऱ्या पेशी केमोथेरपीला चांगला प्रतिसाद देतात. म्हणजेच हा आजार असाध्य नाही, तो वेळेच्या बाबतीत कठोर आहे.

'निगेटिव्ह' अहवालाची विश्वासार्हता :

ज्या निदानाचा आधारच 'आढळले नाही' असा असतो, तेथे तपासणीतील चूक आणि खरा अभाव यांत फरक करणे आवश्यक ठरते. टाटा स्मारक रुग्णालयातील ७९८ गाठींचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इस्ट्रोजेन ग्राहक सुमारे एक तृतीयांश गाठींमध्येच आढळले होते. पाश्चात्त्य देशांतील प्रमाण याच्या दुपटीच्या आसपास होते. भारतीय रुग्णांचे कमी वय हे याचे एक कारण असले, तरी गाठीचा तुकडा कसा जतन केला जातो हा प्रश्नही तज्ज्ञांपुढे उभा राहिला.

ग्राहक प्रथिने नाजूक असतात. काढलेला तुकडा वेळेत फॉर्मॅलिनमध्ये न ठेवल्यास ती नष्ट होतात आणि वस्तुतः 'पॉझिटिव्ह' असलेली गाठ 'निगेटिव्ह' ठरते. २०१० मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी यासाठी नियम घालून दिले. गाठ काढल्यापासून एका तासाच्या आत ती फॉर्मॅलिनमध्ये जावी, तेथे किमान सहा व कमाल बहात्तर तास राहावी आणि एक टक्का पेशींमध्ये जरी ग्राहक दिसले तरी ती पॉझिटिव्ह मानावी, असे त्यांत सांगितले होते. त्यापूर्वी अनेक प्रयोगशाळा दहा टक्क्यांची मर्यादा पाळत होत्या. त्यामुळे २०१० पूर्वीच्या व नंतरच्या आकड्यांची तुलना करताना सावधगिरी बाळगली पाहिजे.

याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. चुकीने निगेटिव्ह ठरलेल्या स्त्रीला टॅमॉक्सिफेनसारखे स्वस्त व प्रभावी औषध मिळत नाही. लहान गावातील दवाखान्यात गाठ काढली गेली आणि ती मिठाच्या पाण्यात किंवा कोरड्या बाटलीत घालून दुसऱ्या दिवशी शहरात पाठवली गेली, तर पुढील सर्व उपचारांची दिशाच चुकू शकते.

उपचारांचा विकास आणि मुंबईतील चाचणी :

१९७० च्या दशकापासून उपचारांच्या विचारात मूलभूत बदल झाला. अमेरिकेतील बर्नार्ड फिशर यांच्या चाचण्यांनी सिद्ध केले की, योग्य रुग्णांमध्ये केवळ गाठ काढून किरणोपचार दिले तरी आयुर्मान पूर्ण स्तन काढण्याइतकेच राहते. याच काळात, १९७६ मध्ये, इटलीतील मिलान येथील जियानी बोनादोन्ना यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या केमोथेरपीचा लाभ दाखवून दिला. पुढे शस्त्रक्रियेच्या आधीच केमोथेरपी देण्याची पद्धत रुजली. ट्रिपल निगेटिव्ह आजारात ती विशेष उपयुक्त ठरली, कारण औषधांचा परिणाम गाठीवर प्रत्यक्ष पाहता येतो. शस्त्रक्रियेच्या वेळी कर्करोगाची एकही जिवंत पेशी उरली नसेल, तर त्याला पूर्ण प्रतिसाद म्हणतात व अशा रुग्णांचे भवितव्य बरेच चांगले असते. पेशी उरल्या असतील, तर शस्त्रक्रियेनंतर कॅपेसिटाबीन या गोळ्या दिल्याने लाभ होतो, हे जपान व दक्षिण कोरियातील चाचणीने २०१७ मध्ये दाखवले.

प्लॅटिनमयुक्त औषधांचा इतिहास यापेक्षा वेगळा आहे. बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये जिवाणूंवर विजेचा परिणाम अभ्यासताना प्लॅटिनमच्या संयुगांचा पेशीविभाजनावरील परिणाम योगायोगाने आढळला. त्यातून सिस्प्लॅटिन व पुढे कार्बोप्लॅटिन ही औषधे आली. ती पेशीतील डीएनए जखडून टाकतात. बीआरसीए जनुक डीएनए दुरुस्तीचे काम करते. ज्या गाठीत ही दुरुस्ती बिघडलेली असते, ती गाठ प्लॅटिनमपुढे टिकू शकत नाही, असा तर्क होता. ट्रिपल निगेटिव्ह आजारात असा बिघाड वारंवार आढळतो. तथापि पाश्चात्त्य चाचण्यांत कार्बोप्लॅटिनमुळे पूर्ण प्रतिसादाचे प्रमाण वाढले, तरी आयुष्य वाढते की नाही याबाबत एकवाक्यता नव्हती.

या प्रश्नाचा पाठपुरावा टाटा स्मारक केंद्रात झाला. डॉ. सुदीप गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली २०१० ते २०२० या काळात ७२० स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी घेण्यात आली. त्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निव्वळ योगायोगाने दोन गटांत विभागले गेले. एका गटाला आठ आठवडे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल व दुसऱ्या गटाला त्याच्या जोडीला कार्बोप्लॅटिन देण्यात आले. त्यानंतर दोन्ही गटांना नेहमीची केमोथेरपी व शस्त्रक्रिया असा उपचार झाला. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनियो येथील परिषदेत निष्कर्ष मांडण्यात आले. पूर्ण प्रतिसादाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून सुमारे ५४ टक्क्यांवर गेले होते. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण कार्बोप्लॅटिन गटात सुमारे ७४ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे ६७ टक्के होते. सर्व रुग्ण एकत्र धरता हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीच्या काठावर राहिला. पण ५० वर्षे व त्याखालील स्त्रियांमध्ये तो ठळक होता. त्यांच्यात हयात असण्याचे प्रमाण सुमारे ६६ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेले. पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये असा लाभ दिसला नाही.

या चाचणीचे ऐतिहासिक महत्त्व दोन कारणांमुळे आहे. एक म्हणजे भारतीय रुग्णांच्या वयोरचनेशी सुसंगत असा प्रश्न भारतीय रुग्णालयानेच विचारला आणि दहा वर्षे चिकाटीने त्याचे उत्तर शोधले. दुसरे म्हणजे ज्या औषधाची चाचणी झाली, त्याचे पेटंट केव्हाच संपले होते. ते अनेक भारतीय कंपन्या तयार करतात आणि नव्या औषधांच्या तुलनेत ते अत्यंत स्वस्त आहे. अशा जुन्या औषधावर मोठी चाचणी करण्यात कोणत्याही कंपनीला व्यापारी स्वारस्य नसते. ते काम सार्वजनिक संस्थेनेच करावे लागते.

नवी औषधे आणि आर्थिक मर्यादा :

गेल्या काही वर्षांत या आजारावर नवी औषधे आली आहेत. बीआरसीए दोष असलेल्या रुग्णांसाठी ओलापॅरिब या गोळ्यांना अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पसरलेल्या रोगासाठी सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकन हे औषध २०२० मध्ये आले. प्रतिकारशक्तीला जागे करणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबला सुरुवातीच्या पण धोक्याच्या अवस्थेतील रुग्णांसाठी २०२१ मध्ये मान्यता मिळाली. त्या चाचणीतही मूळ केमोथेरपीत कार्बोप्लॅटिन होतेच, हे येथे नमूद केले पाहिजे. या औषधांनी उपचारांचे क्षितिज रुंदावले आहे, यात शंका नाही. परंतु त्यांचा पूर्ण खर्च लाखो रुपयांत जातो आणि सामान्य शेतकरी कुटुंबाला जमीन विकूनही तो पेलत नाही.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना काही जिल्ह्यांत व २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी यांचा तिच्यात समावेश आहे. त्यामुळे स्वस्त आणि सिद्ध झालेल्या उपचारांचे महत्त्व अधिकच वाढते. योजनेच्या मर्यादेत बसणारा उपचारच बहुसंख्य स्त्रियांच्या वाट्याला प्रत्यक्षात येतो.

नेसरीच्या संदर्भात विचार :

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव १६७४ मधील सरसेनापती प्रतापराव गुजर यांच्या बलिदानामुळे महाराष्ट्राच्या इतिहासात अजरामर झाले आहे. आजाराच्या दृष्टीने पाहता या गावाचे स्थान परळपासून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. गाठ हाताला लागल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत अशा भागातील स्त्रीला अनेक टप्पे पार करावे लागतात. गाठ दुखत नाही म्हणून ती सांगत नाही. सांगितली तरी सुगी उरकल्यावर पाहू, असे ठरते. त्यानंतर गावचा दवाखाना, गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय, मग कोल्हापूर किंवा मिरज आणि काही वेळा मुंबई असा प्रवास होतो. संथ वाढणाऱ्या कर्करोगात असा विलंब कदाचित निभावून जाईल. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात मात्र तीन-चार महिन्यांत रोगाची अवस्थाच बदलू शकते.

यासंदर्भात मुंबईतील आणखी एका संशोधनाचा उल्लेख आवश्यक आहे. डॉ. इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयोगटातील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. ५० वर्षे व त्यावरील स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीखालील स्त्रियांमध्ये मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही.

मित्रा यांची तपासणी आणि गुप्ता यांची औषधचाचणी हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून पाहिले असता एक महत्त्वाचा मुद्दा हाती येतो. पन्नाशीपुढील स्त्रियांना ठरावीक काळाने होणारी तपासणी तारते. पन्नाशीखालील स्त्रियांच्या बाबतीत मात्र गाठ लक्षात आल्यावर किती त्वरेने योग्य निदान व योग्य औषध मिळते, यावर अधिक भिस्त आहे. त्यांच्यासाठी दोन वर्षांतून एकदा होणाऱ्या तपासणीची वाट न पाहता प्रत्येक नव्या गाठीची तत्काळ सुईने तपासणी होणे महत्त्वाचे ठरते. आशा कार्यकर्त्या, आरोग्यसेविका आणि महाविद्यालयीन विद्यार्थिनी यांच्यामार्फत ही माहिती घराघरांत नेता येईल. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात या विषयाला स्थान मिळाल्यास विद्यार्थिनी ही गोष्ट आपल्या आईपर्यंत व चुलतीपर्यंत सहज पोहोचवतील.

निष्कर्ष :

१) 'ट्रिपल निगेटिव्ह' ही संकल्पना बीटसन यांच्या १८९६ मधील निरीक्षणापासून २००० मधील जनुकीय वर्गीकरणापर्यंतच्या प्रदीर्घ प्रवासातून घडली.

२) भारतातील स्त्रियांमध्ये हा प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो. त्यामागील काही भाग तपासणीतील त्रुटींचा असू शकतो. म्हणून गाठीच्या तुकड्याचे योग्य जतन हा उपचाराचाच पहिला टप्पा मानला पाहिजे.

३) खानोलकर, रणदिवे व जस्सावाला यांनी घातलेल्या पायावर मुंबईत संशोधनाची जी परंपरा उभी राहिली, तिच्यातून तरुण भारतीय स्त्रियांना उपयोगी ठरणारा, स्वस्त औषधावर आधारित उपचार पुढे आला.

४) हा आजार आक्रमक असला तरी असाध्य नाही. लवकर निदान, अचूक तपासणी, शस्त्रक्रियेपूर्वीची योग्य केमोथेरपी आणि पहिल्या पाच वर्षांतील दक्षता या चार गोष्टींवर त्याचे भवितव्य ठरते.

समारोप :

बीटसन यांच्या काही रुग्णांच्या गाठी का आटल्या नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मिळायला एक शतक लागले. त्या स्त्रियांना काय द्यावे, याचे एक उत्तर मुंबईतील ७२० स्त्रियांच्या सहभागातून मिळाले. आता उरलेला प्रश्न प्रयोगशाळेतला नाही. नेसरीच्या पंचक्रोशीतील स्त्रीला लागलेली गाठ सुगीच्या आधी डॉक्टरांच्या नजरेस पडते की सुगीनंतर, यावर त्या संशोधनाचा उपयोग अवलंबून आहे. ही जबाबदारी वैद्यकीय व्यवसायाइतकीच गावातील शिक्षित वर्गाचीही आहे.